नाकाला मार लागल्यावर: सूज उतरली तरी काय काय बघत राहायचं

२०१३ च्या जूनमध्ये दादरला लेडीज डब्यात चढताना समोरच्या बाईचं कोपर सरळ माझ्या नाकावर बसलं. तिची चूक नव्हती, मागून लोंढा आला आणि तिचा हात दांड्यावरून सुटला. घोळणा फुटला, ओढणी भिजली, कुणीतरी पाण्याची बाटली दिली, मी कुर्ल्याला उतरले आणि घराजवळच्या एका दवाखान्यात गेले, तिथे एक्स-रे काढला आणि "फ्रॅक्चर नाही, बर्फ लावा" एवढंच सांगितलं. आठ-दहा दिवसांत सूज उतरली आणि विषय संपला असं मी धरलं. पुढची सहा वर्षं माझी उजवी नाकपुडी जवळजवळ बंद होती आणि ती त्या मारामुळे आहे याचा मला पत्ताच नव्हता, रात्री तोंड उघडं ठेवून झोपायचं, सकाळी घसा कोरडा ठाक, ऑफिसच्या एसीत दुपारनंतर डोकं जड, घरचे म्हणायचे घोरतेस, मी म्हणायचे वजन वाढलंय, धूळ आहे, वय होतंय. २०१९ मध्ये ईएनटी डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "नाकावर कधी मार लागला होता का?"

हे सगळं लिहितेय ते ज्यांना आत्ता लागलंय त्यांच्यासाठी, आणि ज्यांना कधीतरी लागलं होतं आणि विसरून गेलेत त्यांच्यासाठी तर जास्तच. मी डॉक्टर नाही. स्वतःचं, आईचं आणि भाच्याचं अशी तीन नाकं घेऊन ईएनटीच्या बाकड्यावर बसलेय, तेव्हा जे विचारून विचारून समजून घेतलं ते सांगतेय.

आधी नाक कसं असतं ते

नाकाचा वरचा साधारण एक तृतीयांश भागच हाडाचा असतो, चष्मा टेकतो तिथला. खालचं सगळं कूर्चा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वर हाताला लागतं तसं लवचीक. दोन नाकपुड्यांच्या मधला जो पडदा आहे तोही पुढच्या बाजूला कूर्चाचाच. आणि एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही! म्हणजे "एक्स-रे क्लिअर आहे" याचा अर्थ फार तर हाड मोडलेलं दिसत नाही एवढाच, पडदा सरकलाय की नाही हे त्यावरून कळत नाही. म्हणून ईएनटीवाले साध्या नाकाच्या माराला बऱ्याचदा एक्स-रे मागतच नाहीत, हाताने चाचपून आणि आत उजेड टाकून बघतात. मला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर सहा वर्षं वाचली असती.

आपल्याकडे "नाकाचं हाड वाढलंय" असं सर्रास म्हणतात, माझी मावशी अजून माझ्या ऑपरेशनबद्दल असंच सांगते. वाढत काही नाही, मधला पडदा एका बाजूला वाकतो, पेपरवर डीएनएस लिहितात ते हेच. पुष्कळ लोकांचा पडदा जन्मापासूनच थोडा वाकडा असतो आणि काही त्रास होत नाही, त्यामुळे रिपोर्टमध्ये डीएनएस दिसलं म्हणून लगेच घाबरायचं नाही, श्वास नीट येतो का ते बघायचं.

पहिले दोन-तीन दिवस, जेव्हा पुढचं सगळं ठरतं

नंतरचे बरेचसे त्रास इथेच टाळता येतात म्हणून इथे जरा थांबते. रक्त येत असेल तर बसवायचं, मान पुढे झुकवायची, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरायचा आणि १० ते १५ मिनिटं सोडायचा नाही, मधेमधे उघडून बघायचं नाही. मान मागे टाकली की रक्त घशात जातं आणि मग उलटी होते. आमच्याकडे आजी कांदा फोडून हुंगवायची, त्याने रक्त थांबत नाही, तेवढा वेळ नाक दाबून धरा. हाड उघड उघड वाकडं दिसत असेल तर वर हाडावर दाबू नका, खालच्या मऊ भागावरच. नाकात चमकी किंवा मोरणी असेल तर सूज चढायच्या आत काढून ठेवा, माझी चमकी नंतर सोनाराकडून कापून घ्यावी लागली. बर्फ रुमालात गुंडाळून, १०-१५ मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि रात्री दोन उशा. २०-२५ मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल किंवा ज्याला लागलंय तो रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल तर थेट हॉस्पिटल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझा भाचा अकरा वर्षांचा, शिवाजी पार्कला सीझन बॉल नाकावर बसला. रक्त आलं, थांबलं, पोरगं घरी येऊन वरणभातही जेवलं. रात्री म्हणाला दोन्ही नाकपुड्या बंद आहेत आणि ठणकतंय. माझ्या बहिणीने मोबाईलचा टॉर्च लावून आत बघितलं तर मधल्या पडद्याला दोन्ही बाजूंनी जांभळट लाल फुगे आलेले. ती सकाळपर्यंत थांबली नाही, रात्रीच कॅज्युअल्टीत घेऊन गेली आणि तिथल्या डॉक्टरांनी लगेच ते रक्त काढलं, नाकात पॅक, म्हणजे आतून दाब देणारी पट्टी, घातला, अँटिबायोटिक सुरू केलं.

याला सेप्टल हिमॅटोमा म्हणतात. पडद्याच्या कूर्चाला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातून तिचं पोषण होतं. मार लागल्यावर आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साठलं की तो पुरवठा तुटतो आणि एक-दोन दिवसांत, फार तर तीन, कूर्चा मरायला लागते. त्यात पू झाला तर आणखी वाईट. मग काही आठवड्यांनी नाकाची मधली बाजू आत बसते, घोड्याच्या खोगिरासारखी, नाहीतर पडद्याला भोक पडतं. लहान मुलांमध्ये तर नाकाची वाढच त्या पडद्यावर अवलंबून असते. म्हणून मार लागल्यावर पहिले तीन दिवस रोज टॉर्चने आत बघा, मुलांचं तर नक्कीच. नुसती सूज असेल तर ती बाहेरच्या भिंतींना असते, पडद्यावरच गुबगुबीत फुगा दिसला, नाक दोन्ही बाजूंनी चोंदलं, ठणका वाढत चालला किंवा ताप आला तर त्याच रात्री जायचं. मुंबईत केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे सगळीकडे रात्रीही तातडीचा विभाग चालू असतो.

दुसरी एक गोष्ट, एका नाकपुडीतून पाण्यासारखं पातळ, स्वच्छ पाणी थेंब थेंब येत असेल, वाकल्यावर वाढत असेल, घशात खारट लागत असेल, तर ती सर्दी धरू नका. मेंदूभोवतीचं पाणी गळत असण्याची शक्यता असते आणि त्या वाटेने मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग, होऊ शकतो. हे मार लागल्यावर काही आठवड्यांनी, कधी त्याहून उशिराही सुरू होऊ शकतं, म्हणून जुना मार असला तरी डॉक्टरांना सांगायचं. तोवर नाक शिंकरायचं नाही, नाक धुवायचं नाही. उलट्या, गुंगी, डोकेदुखी वाढत जाणं, एकाचं दोन दिसणं हे तर डोक्याचं प्रकरण, त्यात घरी बसायचंच नाही.

पाचव्या दिवशी परत जायचं

इथेच मी चुकले. पहिल्या दिवशी सुजेमुळे नाक सरळ आहे की वाकडं हे डॉक्टरलाही धड कळत नाही, म्हणून तीन ते पाच दिवसांनी सूज उतरल्यावर परत दाखवायचं असतं. बरं वाटायला लागलं की आपण जात नाही, सुट्टी कोण टाकणार, पण हाच दिवस महत्त्वाचा, कारण हाड सरकलं असेल तर ते हाताने परत जागेवर बसवता येतं आणि त्याची मुदत मोठ्यांना साधारण दोन आठवडे, मुलांना आठवड्याच्या आतच, मुलांची हाडं लवकर जुळतात. ती मुदत गेली की हाड वाकड्या जागीच पक्कं होतं आणि मग तीन ते सहा महिने थांबून मोठं ऑपरेशन.

जायच्या आधी घरी बघून ठेवा. जुना समोरून काढलेला फोटो आणि आत्ताचा फोटो शेजारी ठेवा. खुर्चीत बसवून मागून, डोक्याच्या वरून खाली नाकाच्या रेषेकडे बघा, वाकडेपणा तसा लगेच दिसतो. मग स्टीलचा मोठा चमचा किंवा ताटली फ्रिजमध्ये थंड करून नाकाखाली धरा आणि तोंड मिटून श्वास सोडा, दोन्ही बाजूंना वाफेचा डाग उमटतो, एका बाजूचा अगदीच लहान असेल तर ती बाजू बंद आहे. याच्यावरून निदान होत नाही पण डॉक्टरला सांगायला हातात काहीतरी असतं.

आणि कागद जपा, प्लीज. केस पेपर, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या, पहिल्या दिवसाचे फोटो. मारामारी किंवा गाडीच्या अपघातात लागलं असेल तर हॉस्पिटलमध्ये एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, अशी नोंद होते, तिचा नंबर लिहून ठेवा, हाड मोडणं कायद्यात गंभीर दुखापतीत येतं, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ११६ मध्ये. इन्शुरन्सलाही हेच कागद लागतात, दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन ते देत नाहीत, श्वासासाठी आणि मारामुळे केलंय हे कागदावर दिसावं लागतं.

महिन्यांनी, वर्षांनी राहणारे त्रास

सगळ्यात जास्त आढळतं ते नाक चोंदणं. कायम एकाच बाजूचं चोंदत असेल तर पडद्याचा संशय घ्यायचा. सर्दीने किंवा ॲलर्जीने चोंदलेलं नाक बाजू बदलतं, आज उजवी उद्या डावी, कूस बदलली की बदलतं, माझी मात्र नेहमी उजवीच. अजून एक करून बघा, आरशासमोर उभं राहून बंद बाजूचा गाल नाकाजवळ बोटाने हलकेच बाहेर, कानाकडे ओढा आणि श्वास घ्या. एकदम मोकळं वाटलं तर नाकपुडीच्या आतली चिंचोळी जागा, जिला व्हॉल्व्ह म्हणतात, ती मारामुळे ढिली किंवा अरुंद झालेली असू शकते, आणि नुसता पडदा सरळ करून ते सुटत नाही, म्हणून हे डॉक्टरांना आवर्जून करून दाखवा.

यात लोक सगळ्यात जास्त फसतात ते नाक मोकळं करायच्या थेंबांत. मेडिकलवाल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळतात, दोन थेंब टाकले की मिनिटात नाक उघडतं, मीही दीड वर्ष पर्समध्ये बाटली घेऊन फिरले. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन असं नाव असेल तर पाच दिवसांच्या वर वापरायचे नाहीत, नंतर थेंबांचा असर उतरला की आतलं अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं आणि बाटलीशिवाय झोप येत नाही. मला ते सोडवायला तीन आठवडे लागले आणि त्या रात्री फार वाईट होत्या. डॉक्टरांनी लिहून दिलेला स्टेरॉइडचा स्प्रे हा वेगळा प्रकार, तो हळूहळू काम करतो, रोज मारावा लागतो, पण त्याची पद्धत कुणी शिकवत नाही: उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नको, बाहेर कानाच्या दिशेला. पडद्यावर रोज फवारा बसला की खपली धरते, रक्त येतं.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं हा मला सगळ्यात आवडलेला उपाय, स्वस्त आणि रोजचा. कपभर, म्हणजे साधारण २४० मिली पाणी, अर्धा छोटा चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. पाणी खळखळून उकळून कोमट केलेलं हवं, नळाचं किंवा टाकीचं थेट घालायचं नाही, फिल्टरचंही उकळूनच घ्या, न उकळलेल्या पाण्यातला एक अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो, क्वचित होतं पण झालं तर माणूस बहुतेक वाचत नाही. ताज्या मारात किंवा ऑपरेशननंतर डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सुरू करा. ऑक्टोबरनंतर मुंबईच्या हवेत धूळ वाढते, समोर बिल्डिंगचं काम चालू असतं, तेव्हा मी संध्याकाळी घरी आल्या आल्या नाक धुते आणि रात्री चोंदत नाही.

नाकात सारखी खपली, मधूनच रक्त, आणि श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पडद्याला भोक असू शकतं. भोक छोटं असलं की शिट्टी वाजते, मोठं असलं की वाजत नाही, त्यामुळे शिट्टी थांबली म्हणून बरं झालं असं नाही. दुर्बिणीने बघून घ्या, खपल्या बोटाने काढू नका, झोपताना सलाइन जेल किंवा अगदी जरासं व्हॅसलिन पुढच्या भागात लावा. तेल भरपूर ओतायची सवय असेल तर सोडा, ते फुफ्फुसात उतरू शकतं.

नाकाचा शेंडा बधिर वाटणं, एसीच्या गार हवेत झिणझिण्या, चष्मा टेकतो तिथे दुखणं, हे बरेच महिने राहतं आणि बहुतेकांचं हळूहळू जातं. एका डोळ्यातून कायम पाणी येत असेल तर अश्रूंची नळी दुखावली असेल, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जा. जखमेचा व्रण असेल तर वर्षभर उन्हापासून जपा, सनस्क्रीन लावा, नाहीतर काळा पडतो.

वास गेला असेल तर

माझी आई पावसाळ्यात बाथरूममध्ये घसरून तोंडावर पडली, नाक सुजलं, कपाळाला टाके. तीन आठवड्यांनी लक्षात आलं की तिला दूध नासलेलं कळत नाही. वासाच्या नसांचे बारीक धागे नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडातून वर मेंदूकडे जातात, जोराच्या झटक्याने ते तुटतात. काहींचा वास काही महिन्यांत, वर्षभरात थोडा परत येतो, काहींचा येत नाही, आणि येताना कधी कधी उलटासुलटा येतो, आईला मधे कॉफी जळलेल्या रबरासारखी यायची.

यासाठी वासाचा सराव करतात. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये १२ आठवड्यांचा सराव रुग्णांकडून करून घेतला होता: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, चार बाटल्या, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वास काही सेकंद हुंगायचा. माराने गेलेल्या वासाला याचा फायदा सर्दी-तापानंतर गेलेल्या वासापेक्षा कमी होतो, तरी काही तोटा नाही, फक्त चिकाटी लागते. आई देवपूजेनंतर करायची म्हणून चुकली नाही. सात महिन्यांनी तिला लवंग ओळखू आली, त्या दिवशी तिने मला ऑफिसात फोन केला. फोडणी करपल्याचा वास तिला अजूनही उशिरा कळतो.

वास येत नसेल तर घरात गॅसचा अलार्म लावाच. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, वर जातो, त्याचा अलार्म छताजवळ. सिलिंडरचा गॅस जड, खाली साठतो, त्याचा जमिनीजवळ. उलटं लावलं तर उपयोग नाही. उरलेल्या जेवणाच्या डब्यावर तारीख चिकटवा आणि शक्यतो घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला सांगा.

ऑपरेशनबद्दल

माझं सेप्टोप्लास्टी, म्हणजे मधला पडदा सरळ करायचं ऑपरेशन, झालं, बाहेरून एक टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी. दुखण्यापेक्षा नाकात पॅक असताना तोंडाने श्वास घ्यायला लागतो त्याचा त्रास जास्त. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून, जड उचलायचं नाही, वाकून झाडू-पोछा नाही. आठवडाभराने खपल्या काढल्या आणि उजवीकडून हवा आत गेली ती मला अगदी थंडगार वाटली, मी तिथेच रडले. सर्दी आणि ॲलर्जी मात्र ऑपरेशनने जात नाही, हे आधीच समजून घ्या.

नाक बाहेरूनही वाकडं झालं असेल आणि त्याचं वाईट वाटत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, चेहरा आपला आहे. "दिसण्याचं काय घेऊन बसलीस" असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आपल्याकडे नाक परत घडवणं सुश्रुताच्या काळापासून आहे, आणि पुण्याजवळ कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचं नाक, जे टिपूच्या लोकांनी १७९२ च्या युद्धात कापलं होतं, ते एका विटा पाडणाऱ्या जातीतल्या माणसाने कपाळाची कातडी वळवून नवीन घडवलं, १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात त्याचं चित्र छापून आलं आणि युरोपातले सर्जन त्यावरून शिकले. श्वासाचं आणि आकाराचं काम एकाच ऑपरेशनमध्ये होऊ शकतं, डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा.

खेळायला परत जायचं तर किमान सहा आठवडे बॉल, कबड्डी, दहीहंडीचे थर काही नाही, नाक परत त्याच जागी लवकर मोडतं. भाचा तीन महिन्यांनी परत मैदानावर गेला, आता जाळीचं हेल्मेट घातल्याशिवाय बहीण त्याला नेटमध्ये सोडत नाही. त्याचं नाक आज सरळ आहे, पण वाढीच्या वयात ते बदलू शकतं म्हणून सोळा-सतरा वर्षांचा होईपर्यंत दरवर्षी एकदा दाखवायला सांगितलंय. ती तारीख आम्ही मे महिन्यात ठेवतो, शाळेला सुट्टी असते, आणि त्याच दिवशी मी माझं आणि आईचंही दाखवून घेते, तिघांचे कागद एकाच पिशवीत.